स्वराज्य, गिरणी आणि छापखाना : १९३० चे सोलापूर आणि तेथील वृत्तपत्रे

महाराष्ट्रातील वृत्तपत्रांच्या राजकीय भूमिकांचा इतिहास बहुधा पुणे आणि मुंबई या दोन शहरांच्या आधाराने लिहिला जातो, आणि जिल्ह्याच्या गावी निघणाऱ्या पत्रांकडे ‘केसरी’सारख्या मोठ्या पत्रांचा प्रतिध्वनी म्हणून पाहण्याची सवय अभ्यासकांना जडलेली आहे. सोलापूरच्या वृत्तपत्रांचा, विशेषतः १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळातील त्यांच्या वाटचालीचा, विचार केल्यास ही सवय किती अपुरी आहे हे ध्यानात येते. सोलापुरात स्वराज्याचा प्रश्न गिरणीतील मजुरी, नगरपालिकेचा कारभार, पेठापेठांतील धर्म आणि भाषा यांच्याशी इतका निगडित होता की, तेथील संपादकाला राजकीय मत मांडायचे तर ते या रोजच्या विषयांतूनच मांडावे लागत होते. याच कारणामुळे मे १९३० मध्ये शहरात लष्करी कायदा पुकारला गेला तेव्हा सरकारने सत्याग्रही आणि संपादक असा भेद केला नाही. एका संपादकाला लष्करी कायद्याखाली तुरुंगात धाडण्यात आले, आणि स्वतःचे पत्र चालविणाऱ्या दुसऱ्या एका तरुणाला पुढे येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

शहराची घडण

सोलापूरच्या पत्रांची भूमिका समजून घेण्यासाठी आधी शहराची घडण पाहिली पाहिजे. सोलापूरची नगरपालिका १८५२ मध्ये स्थापन झाली, आणि म्हणून ती मुंबई इलाख्यातील जुन्या नगरपालिकांपैकी एक ठरते. १८६० च्या सुमारास मुंबईहून निघालेला लोहमार्ग सोलापुरास पोहोचला आणि १८७१ पर्यंत तो रायचूरला जाऊन मद्रासकडून येणाऱ्या मार्गास मिळाला; त्यामुळे दख्खनच्या कोरड्या पठारावरचे हे बाजारगाव मुंबई आणि मद्रास या दोन महानगरांमधील टपालाच्या व मालाच्या वाटेवर आले. १८७७ मध्ये स्थापन झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, जी शहरात ‘जुनी गिरणी’ म्हणूनच ओळखली गेली, आणि तिच्यामागून आलेल्या नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी, जाम या गिरण्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सोलापूरला मुंबईनंतरचे मराठी मुलखातील प्रमुख गिरणगाव बनवले. गिरण्यांच्या जोडीला हातमाग होते, आणि त्यांवर काम करणारी पद्मशाली विणकर कुटुंबे तेलंगणाकडून येऊन पूर्वभागातील पेठांत स्थायिक झालेली होती.

अशा शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा रस्त्यावर रोज ऐकू येत. व्यापारात लिंगायत, गुजर जैन आणि मारवाडी, मागावर तेलुगू विणकर, गिरणीत मराठा, मुसलमान आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतील मजूर, कचेरीत आणि शाळेत ब्राह्मण अशी साधारण विभागणी होती, आणि शहराच्या कडेला तारेच्या कुंपणाआड ‘सेटलमेंट’ होती. ज्या जमातींना इंग्रजी कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले होते त्यांना सक्तीने एका जागी ठेवण्याच्या वसाहतीस सेटलमेंट म्हणत, आणि तेथील माणसे गिरण्यांना मजूर म्हणून पुरवली जात. पूर्वेस आणि उत्तरेस थोड्याच अंतरावर निजामाच्या राज्याची हद्द सुरू होत असे, तर आग्नेयेस अक्कलकोट संस्थान होते. म्हणजे ब्रिटिश हद्दीत छापलेला कागद काही तासांत दुसऱ्या राज्यात पोहोचू शकत होता. या सर्व लोकांना एकत्र वाचता येईल अशी भाषा म्हणून मराठीला सोलापुरात जे स्थान मिळाले, ते तेथील वृत्तपत्रांच्या इतिहासात स्पष्ट उमटलेले आहे.

पहिली पत्रे आणि त्यांच्यावरील पहारा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरातून ‘कल्पतरू’ हे मराठी साप्ताहिक निघत होते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या संपादकपदी गोविंद नारायण काकडे यांचे नाव आढळते. त्याच सुमारास विठ्ठल नरसप्पा जक्कल यांचे ‘सोलापूर समाचार’ साप्ताहिकरूपाने निघू लागले होते. जक्कल हे तेलुगू समाजातील गृहस्थ होते आणि त्यांनी पत्र काढले ते मराठीत. बहुभाषिक गिरणगावात राजकीय व नागरी प्रश्नांची चर्चा कोणत्या भाषेतून व्हावी याचा निर्णय अशा कुटुंबांनी कोणत्याही ठरावाविना, रोजच्या व्यवहारातून घेतला होता.

या पत्रांवर सरकारची नजर सुरुवातीपासून होती. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यान्वये प्रत्येक मुद्रकास आणि प्रकाशकास मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन प्रतिज्ञापत्र, म्हणजेच ‘डिक्लेरेशन’, द्यावे लागे आणि प्रत्येक अंकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव छापणे बंधनकारक होते. मुंबई सरकारच्या ओरिएंटल ट्रान्सलेटर या अधिकाऱ्याच्या कचेरीत इलाख्यातील देशी भाषांतील पत्रे वाचली जात, त्यांतील सरकारला दखल घेण्याजोगा वाटणारा मजकूर इंग्रजीत संक्षेपाने उतरवला जाई, आणि हे साप्ताहिक अहवाल गोपनीय कागद म्हणून अधिकाऱ्यांत फिरत. या अहवालांना जोडलेल्या याद्यांत प्रत्येक पत्राच्या संपादकाचे नाव, जात, वय आणि पत्राचा अंदाजे खप नोंदवलेला असे. लेखकाचे मत त्याच्या जातीवरून आणि वयावरून जोखता येते, अशी राज्यकर्त्यांची धारणा होती. सोलापूरच्या पत्रांच्या बाबतीत ती अनेकदा फोल ठरली, कारण एकाच पेठेत राहणारे आणि एकाच गिरणीच्या भोंग्यावर उठणारे वाचक जातीच्या रकान्यात मावत नव्हते.

१८९७ मध्ये आणि पुन्हा १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवर भारतीय दंडविधानाच्या १२४ अ या कलमाखाली खटले झाले. सरकारविषयी द्वेष, तिरस्कार किंवा अप्रीती निर्माण करणारे लेखन म्हणजे राजद्रोह, असे हे कलम मानत होते, आणि ‘अप्रीती’ या शब्दाचा अर्थ न्यायालयांनी इतका विस्तृत केला होता की, प्रशासनावरील कठोर टीकाही त्यात ओढता येई. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा तिचा धाक मोठ्या पत्रांपेक्षा जिल्ह्याच्या पत्रांना अधिक बसला, कारण त्यांच्यापाशी वकिलांची फौज नव्हती, शिल्लक नव्हती आणि देशभर पोहोचलेले नावही नव्हते. त्यापाठोपाठ आलेल्या १९१० च्या प्रेस ॲक्टने नव्या छापखान्याकडून पाचशे ते दोन हजार रुपयांचा जामीन मागण्याचा अधिकार सरकारला दिला. जामीन याचा अर्थ सरकारजमा ठेवलेली अशी रक्कम, की जी आक्षेपार्ह मजकूर छापल्यास जप्त होई आणि पुन्हा पत्र चालू करायचे तर त्याहून मोठी रक्कम भरावी लागे. ज्या छापखान्याचा चरितार्थ लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, पंचांगे आणि न्यायालयाच्या जाहीर नोटिसा यांवर चालत होता, त्याला एवढी रक्कम उभी करणे म्हणजे यंत्र गहाण टाकणे होते; शिवाय ज्या जिल्हाधिकाऱ्यावर टीका करायची त्याच्याच हाती डिक्लेरेशन, नोटिसा आणि पोलीस असत. जिल्ह्याच्या पत्राच्या सौम्यपणाला भित्रेपणा म्हणण्यापूर्वी ही परिस्थिती लक्षात घेतली पाहिजे, आणि तिच्यात जे संपादक सौम्य राहिले नाहीत त्यांचे मोलही तिच्यावरूनच ठरवले पाहिजे.

गिरणीच्या प्रश्नातून स्वराज्याकडे

पहिल्या महायुद्धानंतर सोलापूरच्या राजकारणाचे केंद्र हळूहळू वकिलांच्या बैठकीतून पेठांच्या चौकांत आले. १९२० मध्ये आणि पुन्हा १९२८ मध्ये गिरणी कामगारांचे संप झाले. युद्धकाळात वाढलेली महागाई, त्या मानाने न वाढलेली मजुरी आणि नंतर कापडधंद्यातील मंदीमुळे येऊ घातलेली कपात हे त्यांमागील प्रश्न होते, आणि गिरण्यांचे मालक भारतीय असल्यामुळे राष्ट्रीय पत्रांपुढे एक अवघड पेच उभा राहिला होता. स्वदेशी कापडाचा पुरस्कार करताना स्वदेशी मालकाविरुद्धच्या संपाची बाजू घ्यावी की नाही, हा प्रश्न पुण्याच्या संपादकास तात्त्विक वाटला असेल, परंतु सोलापूरच्या संपादकास तो दर आठवड्याला नव्याने सोडवावा लागत होता, कारण त्याचे जाहिरातदार मालकांच्या वर्तुळात होते आणि त्याचे वाचक, किंवा कुणाकडून तरी वाचून घेऊन ऐकणारे, मजुरांच्या चाळीत होते.

१९२० नंतर सरकारी धोरणात थोडी सैलता आली आणि १९२२ मध्ये १९१० चा प्रेस ॲक्ट रद्द झाला. या मोकळ्या हवेत सोलापूरच्या वृत्तपत्रसृष्टीत दोन नवे प्रवाह दिसू लागले. रामभाऊ राजवाडे यांच्या संपादकत्वाखालील ‘कर्मयोगी’ हे पत्र काँग्रेसच्या लढ्याशी उघडपणे बांधलेले होते आणि कायदेभंगाच्या चळवळीत ते शहरातील राष्ट्रीय मताचे प्रमुख व्यासपीठ ठरले. दुसरीकडे अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या तरुणाने ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवले आणि त्यातून हिंदू-मुस्लिम ऐक्य आणि कामगारांची गाऱ्हाणी हे दोन विषय एकत्र मांडले. देशाच्या अनेक भागांत १९२३ नंतर जातीय दंगली होत असताना आणि दोन्ही धर्मांची स्वतंत्र पत्रे एकमेकांविरुद्ध वाचकांना चेतवत असताना, एका मुसलमान तरुणाने गिरणगावात ऐक्याचे पत्र चालवावे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ‘कर्मयोगी’ची वाट राष्ट्राकडून पेठेकडे येत होती, तर ‘गझनफर’ची पेठेकडून राष्ट्राकडे जात होती; १९३० च्या उन्हाळ्यात या दोन वाटा एकमेकींना मिळाल्या.

एप्रिल आणि मे १९३०

६ एप्रिल १९३० रोजी महात्मा गांधींनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलले, त्याच दिवशी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर पुण्याचे नेते अण्णासाहेब भोपटकर यांच्या हस्ते राष्ट्रध्वज फडकवण्यात आला. नगरपालिका ही इंग्रजी कायद्याने स्थापन झालेली, कर गोळा करणारी आणि सरकारी नियंत्रणाखालील संस्था होती; तिच्या इमारतीवर काँग्रेसचा झेंडा चढणे याचा अर्थ असा होता की, ज्या संस्थेतून लोकांना मर्यादित स्वशासनाचे धडे द्यायचे असे राज्यकर्त्यांनी ठरवले होते, त्याच संस्थेने धडा देणाऱ्याची सत्ता नाकारली होती. अशा प्रकारे राष्ट्रध्वज फडकवणारी देशातील पहिली नगरपालिका म्हणून सोलापूरचा उल्लेख केला जातो. पाणी, गटारे आणि कर यांविषयी वर्षानुवर्षे लिहीत आलेल्या स्थानिक पत्रांसाठी नागरी कारभार आणि स्वराज्य हे आता एकाच इमारतीचे विषय झाले.

तीन आठवड्यांनी, २७ एप्रिल १९३० रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी प्रेस वटहुकूम काढला. विधिमंडळाच्या संमतीवाचून गव्हर्नर जनरलने सहा महिन्यांपुरता काढलेला कायदा म्हणजे वटहुकूम, आणि या वटहुकुमाने १९१० च्या कायद्यातील जामिनाची पद्धत पुन्हा आणली. गांधींनी संपादकांना दिलेला सल्ला असा होता की, जामीन भरून मिंधे होण्यापेक्षा पत्र बंद ठेवावे. मोठ्या शहरांत हा सल्ला पाळून अनेक राष्ट्रीय पत्रांनी काही काळ प्रकाशन थांबवले. परिणामी, चळवळ ऐन भरात असताना बातमी पोहोचवण्याचे काम भित्तीपत्रके, हस्तपत्रके, प्रभातफेऱ्या आणि सभा यांच्याकडे आले.

५ मे रोजी पहाटेपूर्वी गांधींना कराडी येथे अटक झाली आणि ती बातमी सोलापुरास पोहोचताच हरताळ पडला, गिरण्या बंद झाल्या आणि मिरवणुका निघू लागल्या. ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडे तोडण्याच्या सत्याग्रहावरून तणाव वाढला. शिंदीपासून दारू होत असे आणि तिच्यावरील कर सरकारला मिळत असे, म्हणून झाड तोडणे हे दारूबंदीचे आणि करनकाराचे असे दुहेरी कृत्य होते. जिल्हाधिकारी नाईट पोलिसांसह तेथे आले असता चळवळीतील कार्यकर्ते मल्लप्पा धनशेट्टी यांनी जमाव शांत ठेवण्याचा प्रयत्न केला, परंतु पोलिसांच्या गोळीने शंकर शिवदारे हा तरुण ठार झाला आणि त्यानंतर जमावाचा संयम सुटला. मंगळवार पेठेतील पोलीस चौकीवर हल्ला झाला, त्यात पोलीस मारले गेले, न्यायालयाच्या इमारतीस आग लावण्यात आली, आणि पोलिसांनी ठिकठिकाणी केलेल्या गोळीबारात अनेक नागरिक मृत्युमुखी पडले.

त्यानंतर पोलीस शहरातून मागे घेतले गेले आणि ९ ते ११ मे असे तीन दिवस सोलापुरावर इंग्रजी सत्तेचा अंमल राहिला नाही. या तीन दिवसांत स्वयंसेवकांनी रहदारी आणि बंदोबस्त सांभाळला, आणि शहरात ‘गांधीराज’ आल्याचे लोक बोलू लागले. सरकारी निवेदनांनी आणि त्यांच्यावर विसंबणाऱ्या इंग्रजी पत्रांनी या दिवसांचे वर्णन अराजक म्हणून केले, तर राष्ट्रीय मताच्या लोकांनी तेच दिवस लोकांच्या स्वयंशिस्तीचा पुरावा म्हणून सांगितले. एकाच घटनेच्या या दोन कथनांतील झगडा हा मे १९३० मधील सोलापूरच्या राजकारणाचा गाभा होता, आणि म्हणूनच पुन्हा ताबा मिळवताना शहराविषयी काय छापले जाते यावर ताबा मिळवणे हे सरकारला बंदुकांइतकेच आवश्यक वाटले.

लष्करी कायदा आणि संपादक

१२ मे १९३० रोजी सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, जारी झाला आणि तो ३० जूनपर्यंत टिकला. लष्करी कायद्यात नेहमीचे मुलकी शासन बाजूला सारले जाते आणि सेनाधिकारी जे नियम काढील ते कायद्याप्रमाणे पाळावे लागतात. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये पंजाबात आणि १९२१ मध्ये मलबारात त्याचा अनुभव देशाने घेतला होता. सोलापुरात काँग्रेसचा झेंडा बाळगणे हा गुन्हा ठरला, गांधी टोपी घालणाऱ्यांना रस्त्यात अडवून ती उतरवायला लावण्यात आली, आणि तुळशीदास जाधव यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ती उतरवण्यास नकार दिला. रामकृष्ण जाजू यांच्यासह काँग्रेसचे स्थानिक नेते तुरुंगात गेले. नगरपालिकेवरील झेंडा उतरवला नाही म्हणून नगराध्यक्ष माणिकचंद शहा यांना तुरुंगवास आणि दंड अशी शिक्षा झाली. एका व्यापारी घराण्यातील, नागरी कारभारात मुरलेल्या गृहस्थाने ती स्वीकारली, यावरून राष्ट्रीय मत समाजाच्या कोणत्या थरापर्यंत पोहोचले होते याचा अंदाज येतो.

याच काळात ‘कर्मयोगी’चे संपादक रामभाऊ राजवाडे यांच्यावर लष्करी कायद्याखाली कारवाई होऊन त्यांना सक्तमजुरीची शिक्षा झाली. टिळकांवरील खटल्यांशी या शिक्षेची तुलना केल्यास तिचे वेगळेपण लक्षात येते. टिळकांना उच्च न्यायालयात ज्यूरीसमोर तासन् तास आपली बाजू मांडता आली होती, त्यांच्या लेखांतील शब्दांच्या अर्थावर उघड वाद झाला होता आणि तो वाद देशभर छापून आला होता. लष्करी न्यायालयासमोर उभ्या राहणाऱ्या जिल्ह्याच्या संपादकाला असे व्यासपीठ मिळत नव्हते. त्याचा शब्द आणि त्याचा दंड यांच्यामध्ये न्यायाची जी लांब वाट असायला हवी, ती लष्करी कायद्याने जवळजवळ नाहीशी केली होती. या न्यायालयांनी दिलेल्या शिक्षांच्या वैधतेचा प्रश्न पुढे मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला, आणि लष्करी कायद्यास गरजेखेरीज दुसरा आधार नसतो हे तत्त्व त्या चर्चेच्या केंद्रस्थानी आले. तथापि पोलीस मागे गेल्यावर शहर स्वयंसेवक सांभाळत असताना लष्कराची गरज नेमकी कशासाठी होती, हा प्रश्न सोलापूरकरांच्या मनात त्याआधीच उभा राहिला होता आणि त्याचे उत्तर त्यांना मिळाले नाही.

मंगळवार पेठ चौकीच्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांवर पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवण्यात आला. खटला न्यायालयांतून गेला, शिक्षा कायम झाली, आणि देशभरातून झालेल्या विनवण्यांना न जुमानता १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात चौघांना फाशी देण्यात आली. चळवळीतील माणसांना धडा शिकवण्यासाठी त्यांना गोवण्यात आले अशी शहराची ठाम भावना होती. लिंगायत धनशेट्टी, मारवाडी सारडा, मराठा शिंदे आणि मुसलमान कुर्बान हुसेन या चार नावांत सोलापूरचा सारा समाज एकत्र दिसतो. ‘गझनफर’मधून कुर्बान हुसेन यांनी ज्या ऐक्याचा आग्रह धरला होता, त्याची याहून कठोर कसोटी असू शकत नव्हती, आणि शहर त्या कसोटीस उतरले. दरवर्षी १२ जानेवारीस सोलापुरात हुतात्मा दिन पाळला जातो तो चौघांचा मिळून.

दूरच्या देशातील एक समांतर उदाहरण

परक्या सत्तेखाली प्रादेशिक पत्राने राष्ट्रीय मत कसे जपावे, हा प्रश्न केवळ हिंदुस्थानचा नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीस रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन सत्तांनी पोलंडचे तुकडे वाटून घेतले आणि ११ नोव्हेंबर १९१८ पर्यंत पोलंड हे स्वतंत्र राज्य म्हणून नकाशावर नव्हते. प्रशियाच्या ताब्यातील वार्मिया या प्रांतात, ओल्श्तिन या शहरी, १८८६ मध्ये यान लिशेव्हस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘गाझेता ओल्श्तिन्स्का’ हे पोलिश पत्र सुरू केले. शाळांतून पोलिश भाषा हद्दपार होत असताना शेतकरी कुटुंबांना त्यांची भाषा वाचत ठेवणे हे या पत्राचे राजकारण होते. १९२० च्या सार्वमतात तो प्रांत जर्मनीकडेच राहिला, तरी हे पत्र १९३९ पर्यंत निघत राहिले. महायुद्ध सुरू होताच नाझी सत्तेने ते बंद पाडले, त्याची इमारत जमीनदोस्त केली, आणि त्याचे संपादक सेव्हेरिन प्येन्येंझ्नी यांना छळछावणीत नेऊन फेब्रुवारी १९४० मध्ये ठार केले.

ओल्श्तिन आणि सोलापूर यांची परिस्थिती अनेक बाबतींत वेगळी आहे. पोलिश पत्राला मुख्यतः भाषेच्या अस्तित्वासाठी झगडावे लागले, तर सोलापुरात मराठीच्या अस्तित्वावर गदा नव्हती, उलट ती अनेक भाषिकांची सामाईक भाषा बनत होती. तरीही एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. राजधानीपासून दूर असलेल्या पत्राचे राजकीय मत राष्ट्रीय नेत्यांच्या भाषणांच्या वृत्तांतापेक्षा शाळा, मजुरी, कर आणि उपासना यांविषयीच्या रोजच्या लेखनातून घडत होते, आणि म्हणूनच संकटाच्या क्षणी परकी सत्ता त्या पत्राला लहान मानून सोडून देत नव्हती. जे पत्र लोकांच्या रोजच्या जगण्याशी जोडलेले असते ते बंद केल्याखेरीज लोकांचे मत बदलता येत नाही, याची समज दडपणाऱ्यांना दोन्ही ठिकाणी होती.

१९३१ नंतर

५ मार्च १९३१ रोजी झालेल्या गांधी-आयर्विन करारानंतर सत्याग्रही कैदी सुटू लागले, परंतु हिंसेच्या आरोपाखाली शिक्षा झालेल्यांना त्याचा लाभ नव्हता, आणि सोलापूरच्या चौघांना तर दोन महिन्यांपूर्वीच फाशी झालेली होती. ऑक्टोबर १९३१ मध्ये प्रेस इमर्जन्सी पॉवर्स ॲक्ट येऊन वटहुकुमातील जामिनाची पद्धत नियमित कायद्यात उतरली. यापुढे राष्ट्रीय मत मांडणाऱ्या प्रत्येक पत्राला आपल्या अस्तित्वाचा हिशेब सतत मनात ठेवून लिहावे लागले.

तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात सोलापूरच्या राजकारणाला आणि पत्रव्यवसायाला नवे क्षेत्र मिळाले. निजामाच्या राज्यात परवानगीवाचून पत्र काढता येत नव्हते, सभा भरवता येत नव्हती, आणि बाहेरून येणाऱ्या मराठी पत्रांवर बंदी येत असे. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये पुण्यातून ‘मराठवाडा’ पत्र सुरू केले आणि निजाम सरकारने त्यास बंदी केली की नाव बदलून ते पुन्हा काढले, हे या काळातील जिद्दीचे ठळक उदाहरण आहे. डिसेंबर १९३८ मध्ये लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली सोलापुरात आर्य समाजाची परिषद भरली आणि तेथून हैदराबादमधील सत्याग्रहाची हाक दिली गेली. हद्दीवरचे शहर म्हणून सोलापूरला आता दुसऱ्या एका जुलमी सत्तेखालील मराठी, कन्नड आणि तेलुगू भाषिकांचे गाऱ्हाणे वेशीवर ऐकू येत होते, आणि ज्या शहराने १९३० मध्ये आपल्या चौकात सत्तेचा अंत तीन दिवस पाहिला होता त्याने हैदराबादच्या लोकांची बाजू घ्यावी हे स्वाभाविक होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरकडूनच नळदुर्गाच्या दिशेने निघाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यामुळे सोलापूरच्या पत्रांनी ज्या दोन सत्तांच्या सीमेवर आपले मत घडवले होते, त्या दोन्ही सत्ता तेरा महिन्यांच्या अंतराने इतिहासजमा झाल्या.

सोलापूरच्या या इतिहासातून प्रादेशिक पत्राच्या राजकीय भूमिकेचे मूल्यमापन करण्याची एक वेगळी कसोटी हाती येते. एखाद्या पत्राने राष्ट्रीय नेत्याच्या बाजूने किती अग्रलेख लिहिले, किंवा त्याची भाषा किती जहाल होती, यापेक्षा त्याने आपल्या शहरातील वेगवेगळ्या समाजांना एका प्रश्नाभोवती एकत्र आणले का, नगरपालिकेचा ठराव आणि देशाचे स्वातंत्र्य यांतील नाते वाचकास दाखवले का, आणि त्या लेखनाची किंमत मोजण्याची वेळ आली तेव्हा संपादक आपल्या शब्दामागे उभा राहिला का, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात. रामभाऊ राजवाडे यांची सक्तमजुरी आणि कुर्बान हुसेन यांचे बलिदान हे या प्रश्नांचे उत्तर आहे. महाराष्ट्राच्या वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात ‘कर्मयोगी’ आणि ‘गझनफर’ यांना ‘केसरी’च्या तळटीपेत जागा देणे पुरेसे नाही; स्वराज्याची कल्पना गिरणीच्या दारापर्यंत आणि पेठेच्या चौकापर्यंत ज्यांनी पोहोचवली, त्या पत्रांचे स्वतंत्र प्रकरण त्या इतिहासात असले पाहिजे, कारण त्यांच्यावाचून मे १९३० मधील सोलापूर समजत नाही, आणि सोलापूर समजल्यावाचून महाराष्ट्रातील कायदेभंगाच्या चळवळीची खरी खोली कळत नाही.